खंडेनवमीला धुतलेला ग्रिल

जावेचा हात ग्रिलच्या दांडीला चिकटला होता आणि ती माझ्याकडं बघत होती. तोंडातून आवाज निघत नव्हता. मी पोळपाट उचलून तिच्या मनगटावर मारला. पहिल्यांदा हात सुटला नाही, दुसऱ्यांदा सुटला. ती फरशीवर पडली. मग मी बटन बंद केलं. आधी बटन बंद करायचं असतं, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं.

चिटगुप्पा गावातल्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. दोघींचेही नवरे गेलेले. विजेचा ग्रिल माझ्या मुलानं हैदराबादहून पाठवला होता. वर-खाली दोन तापणारे तवे, मध्ये जिन्नस ठेवून झाकण दाबायचं. घ्यावा का, असं शेजारणी मला अजून विचारतात. कणीस बरं भाजतं. पावसात दारं लावून बसलं तरी घरात धूर होत नाही. भाकरी फुगत नाही, दबून जाते. वांग्याचं साल जळत नाही, त्यामुळं भरताला वास नाही. वीज मंद असली की ताटकळत बसायचं. दोन माणसांच्या घरात गॅस असताना त्याची गरज नाही.

जावेला मात्र तो आवडायचा. रोज त्यावर काहीतरी ठेवायची.

"हे वांगं भाजलंस का उकडलंस?" मी म्हणायचे.

"अक्का, डोळ्यात धूर गेल्याबिगर तुम्हाला चवच कळत न्हाई," ती म्हणायची.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. मी विळी, खुरपं, मुसळ नळाखाली घेतलं, आणि ग्रिलही घेतला. वर्षभर तूप-तेल प्यायलेला होता. चिंच लावून आतून बाहेरून घासला.

जाऊ त्याच्या डब्यातला कागद घेऊन आली. "अक्का, यावर नळाचं चित्र काढून फुली मारलीय की. कामून धुवायलाव?"

"त्यांच्या नळाला मारली असेल. आमच्यात न धुता हळदकुंकू लावत न्हाईत."

ती हसली. "तुमच्यापुढं कंपनी काय टिकायलीय!" म्हणाली आणि कागद घडी करून ठेवला.

मी ग्रिल फडक्यानं पुसला, हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. रात्रभर देवापुढंच राहिला. सकाळी हात लावून बघितला, कोरडा लागला. आतलं पाणी हाताला लागत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी स्वयंपाकघराची फरशी पुसून घेतली. ती ओली असतानाच जाऊ अनवाणी आली, दोन कणसं ठेवली, बटन दाबलं आणि झाकण लावायला दांडी धरली.

शेजाऱ्याच्या रिक्षात घालून तिला हुमनाबादला नेलं. वाटेत मी तिचे तळपाय चोळत होते. कपाळावरचा घाम पुसायला गेले तर घाम नव्हता. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितली, छाती दाबली, बराच वेळ दाबली. मी बाकावर बसले होते. हातात तिची चप्पल होती, ती कधी उचलली ते आठवत नाही.

पुढं वायरमन येऊन सांगून गेला की घराला अर्थिंगच नव्हतं. मुलगा तेच धरून बसतो. मी त्याला कागदाचं सांगितलं.

त्या सकाळी घरात आम्ही दोघी होतो. जाऊ दवाखान्यात वारली. मी वाचले.