खाटेखालची अक्षरं

आमच्या गावात खरं बोलणारं माणूस शोधायला निघालात, तर आधी गाडीत पेट्रोल भरून घ्या. गाव म्हणजे एका जुन्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभी राहिलेली घरं, आणि घरांच्या पाठीला लागून शेतं. दुसरी गल्लीच नाही. रस्ता मात्र फार जुना. मोटारी नव्हत्या तेव्हा यावरून घोड्यांवरून टपाल जायचं आणि आमच्या गावी घोडे बदलायचे, एवढं एका जाड पुस्तकात एका ओळीत छापलेलं आहे. त्या एका ओळीवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या.

प्रवासी पाय मोकळे करायला उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "इथे जुनं काय आहे?" मग आम्ही सांगतो. पंक्चरवाल्याच्या दारातल्या दगडावर सेनापती बसला होता. न्हाव्याच्या आरशात राणीने तोंड पाहिलं होतं. आरसा न्हाव्याच्या सासऱ्याने लग्नात दिलेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावाचा एक नियम आहे, कुणी कुणाची गोष्ट खोडायची नाही. एका मास्तराने एकदा प्रवाशासमोर आरसा उलटा करून मागचा कारखान्याचा शिक्का दाखवला. त्यानंतर त्याची बदली होईपर्यंत त्याची दाढी कुणी केली नाही. दोन वर्षं. दाढी वाढवूनच गेला बिचारा.

मी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. गुडघा गेला तशी नोकरी गेली, आणि आता लॉजच्या जिन्यापाशी स्टूल टाकून तिकिटं फाडतो. कसली तिकिटं, ते येईलच ओघात. गोष्ट माझी नाही, चादरमावशीची आहे.

लॉजमध्ये बावीस खाटा, आणि बावीस खाटांच्या चादरी मावशीच्या. काढायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या, कोपरे ताणून घालायच्या. चाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. हाताला सोड्याचा वास कायमचा बसलेला. चादर बघून ती माणूस सांगायची. "सातमधला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. घरी भांडून आलाय." "तीनमधली रडली. उशी उलटी करून ठेवलीय बघ, लाज वाटली तिला." आम्ही हसायचो. खोटं काढायला मात्र कधी कुणी गेलं नाही, कारण बहुतेक वेळा ते खरंच निघायचं.

ती एकोणीस वर्षांची असताना नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा लॉजचा वॉचमन. जिन्याखाली दगडी भिंतींची एक खोली होती, आठ बाय नऊ, रस्त्याकडे एक खिडकी. ती त्यांना मिळाली. खाट नव्हती म्हणून नवऱ्याने वळणावर उलटलेल्या एका ट्रकच्या फळ्या आणून खाट ठोकली. मागच्या फाळक्याच्या फळ्या. खाटेखाली वाकलं की पिवळ्या रंगात उलटी अक्षरं दिसायची, 'अंतर ठेवा'. मावशीच सांगायची आणि हसायची, "नवराबायकोच्या खाटेखाली हे लिहिलेलं. मग पोरं कशी व्हायची?" पाचव्या वर्षी नवरा एका ट्रकमध्ये चढून गेला तो गेलाच. त्याने मात्र अंतर ठेवलं, असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो, भर बसमध्ये, तिला ऐकू जाईल असं.

लॉजचे थोरले मालक भले. मरताना त्यांनी डॉक्टरासमोर आणि माझ्यासमोर सांगितलं, "जिन्याखालची खोली मावशीची. ती आहे तोवर." कागद केला नाही. डॉक्टरही पुढे वारले. म्हणजे त्या वाक्याचा उरलेला मालक मी एकटा.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. डाव्या हाताच्या सगळ्या घरांवर लाल फुल्या आल्या, लॉजवरही. धाकटे मालक खूश. भरपाई घेऊन नव्या चौपदरी रस्त्यावर हॉटेल टाकायचं त्यांच्या डोक्यात.

"धाकटे मालक, माझं काय?" मावशीने विचारलं.

"बघू ना, मावशी."

बघू म्हणजे नाही, हे आमच्या गावात दात न आलेल्या पोरालाही कळतं. मावशी त्या दिवशी चादरी घालताना दोनदा कोपरा चुकली. तिला जायला जागा नव्हती. बहीण होती, तिला जाऊन बारा वर्षं झालेली.

त्याच महिन्यात वारसा खात्याच्या मॅडम आल्या. जुनं काही असेल तर ते पाडायचं नाही, असं ठरवायचा त्यांना अधिकार होता. गाव तुटून पडलं त्यांच्यावर. सेनापतीचा दगड झाला, राणीचा आरसा झाला. मॅडम मान हलवत होत्या, वहीत एक अक्षर लिहीत नव्हत्या. शिकलेल्या होत्या, त्यांना शेंडी लावणं सोपं नव्हतं. शेवटी लॉजपाशी आल्या, जिन्याच्या दगडावर हात फिरवला आणि जिन्याखाली डोकावल्या. मावशी आपल्या खाटेवर चादर घालत होती.

"इथे कुणाची खोली?" मॅडमनी विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, बोल.

"टपालाच्या स्वाराची," मावशी म्हणाली. "तापाने फणफणत आला होता. घोडा बदलला, पण माणूस कुठून बदलणार? इथेच झोपला तीन दिवस. घामाने दिवसातून चार चादरी भिजायच्या. धुणारी एकटी बाई. ती चादरी पिळायची आणि त्याच्या उशाला बसायची. टपालाची थैली तो उशीखालून काढू देईना. उशी मधोमध खोलगट झालेली. तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन उशी उचलली. बाईने थैली उचलली आणि पुढच्या टप्प्यापर्यंत चालत नेली. परत आली तर खाट रिकामी आणि चादर कोरडी. तेव्हा तिला कळलं, तो उरला नव्हता."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाराण्या त्यांनी रोज ऐकलेल्या, मळलेल्या चादरीची गोष्ट त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी वही उघडली. मी तर तोंडात बोट घातलं. आख्ख्या गावाला तीन पिढ्यांत जमलं नाही, ते एका चादरीवालीने पाच मिनिटांत केलं. तिला नाव कमवायचं नव्हतं, खोली वाचवायची होती.

खोली वाचली. पत्र आलं, लॉजची पुढची बाजू पाडायची नाही. धाकट्या मालकांनी आधी मावशीला नको ते ऐकवलं. मग वर्तमानपत्रात स्वाराच्या खोलीचा फोटो आला, गाड्या थांबायला लागल्या, आणि मालकांचा आवाज मऊ झाला. पत्राच्या दुसऱ्या पानावर एक अट होती. खोली जशीच्या तशी ठेवायची, तिथे कुणी राहायचं नाही.

मावशीची ट्रंक गच्चीवर बंबाच्या खोलीत गेली. पत्र्याचं छप्पर, आणि पहाटे चारपासून पाणी तापवायचा बंब धडधडतो. खाली तिच्या खोलीत तिचा स्टोव्ह काढून एक पितळी समई आणून ठेवली, टॉवेलच्या खिळ्याला चामड्याची थैली लावली, दारात लाल दोर बांधला. दोराबाहेर माझं स्टूल, खोली बघायची तिकिटं फाडायला. झाडलोट मात्र मावशीनेच करायची, कारण कोपरे तिच्यासारखे कुणाला येत नाहीत.

"कंडक्टर," तिने मला एकदा झाडू हातात धरून विचारलं, "थोरले मालक बोलले तेव्हा तू होतास ना तिथे?"

"होतो की."

"मग सांग ना कुणाला."

"आता खात्याचं काम आहे, मावशी. माझं कोण ऐकतो?" मी काखा वर केल्या. स्टूलवर बसून मिळणारा पगार माझ्या गुडघ्याला सोसणारा होता, एवढंच काय ते खरं. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे, हेही इथेच सांगून टाकतो. बायको म्हणाली, कशाला लोढणं, आणि मला ते पटलं.

पुढच्या पावसाळ्याआधी मॅडम पुन्हा तपासणीला येणार असं कळलं. मालकांनी मला हाक मारली. "खाट एकदा नीट बघून घ्या, कंडक्टर." त्यांनी आणखी काही सांगितलं नाही, आणि मला आणखी काही सांगावं लागलं नाही. मी सुताराकडून रंधा आणला, खाट उलटी केली आणि पिवळी अक्षरं तासून काढली. 'अंतर' लवकर गेलं. 'ठेवा'ला वेळ लागला. नवऱ्याच्या हाताचं तिच्याजवळ तेवढंच उरलेलं होतं, हे मला माहीत होतं. वर चहाचं पाणी फासलं, लाकूड जुनं दिसायला.

मॅडम आल्या. मावशी न्हाऊन, केस बांधून दोरापाशी उभी होती.

"मॅडम, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "कुणी स्वार नव्हता. ही माझी खोली. चाळीस वर्षं मी राहिले इथे. खाट माझ्या नवऱ्याने ट्रकच्या फळ्यांची केलीय. खाली वाकून बघा, लिहिलेलं आहे."

मालकांचा चेहरा उतरला. मॅडम खरंच वाकल्या. मोबाईलचा दिवा लावून त्यांनी फळी न् फळी पाहिली. उठल्या, गुडघे झटकले.

"इथे काहीच नाही, आजी."

मावशी स्वतः गुडघ्यांवर बसली. खाटेखाली अर्धी आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. हाताने चाचपत होती, त्याचा आवाज येत होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. न्हावी आला होता, पंक्चरवाला आला होता, सगळे माझ्याकडे बघत होते. गावाचा नियम मी आयुष्यभर पाळला होता, गोष्ट खोडायची नाही. सांगणारीच खोडायला निघाली तर काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते मी ठरवलं.

"वय झालंय तिचं," मी म्हणालो. "नवरा सोडून गेला तेव्हापासून जरा असंच आहे."

मॅडम हळहळल्या. न्हाव्याने मान डोलावली. मावशी खाटेखालून निघाली, तिच्या बोटांना लाकडाचा भुसा लागलेला. तिने बोटं पाहिली, मग मला पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिनाभराने ती तापली. गच्चीवर झोप नाही, वर बावीस चादरी. सकाळी अकराला झाडायला म्हणून आत गेली आणि खाटेवर आडवी झाली. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. मी दोरापाशी उभा राहून हाका मारल्या, "मावशी, ऊठ. मावशी." तोवर बस थांबली आणि चाळीस प्रवासी उतरले. काय करू? चाळीस तिकिटं फाडली आणि म्हणालो, "ही त्या धुणाऱ्या बाईची पणती. स्वार कसा झोपायचा, ते घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत."

फोटो निघाले. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "श्वास बघा कसा घेतेय, अगदी खऱ्या तापातल्यासारखा."

मालकांना ते कळायला संध्याकाळ लागली नाही.

आता मावशीला तिची खोली मिळाली आहे. रोज अकरा ते पाच. चादरी धुवायला दुसरी बाई ठेवली. मावशीचं काम एकच, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचं. ताप केव्हाच उतरला, पण ती पडल्या पडल्या खरीच झोपते, कारण रात्री बंबाच्या खोलीत झोप मिळत नाही. कधी झोपेत हात खाटेच्या कडेवरून खाली जातो आणि फळीची खालची बाजू चाचपतो. थैली शोधतेय, असं मी लोकांना सांगतो. ते सगळ्यांना फार आवडतं.

पाच वाजता मी दोर सोडतो आणि हाक मारतो. ती उठते, चादर झटकते, चारही कोपरे ताणून घालते. माझ्याशी ती बोलत नाही. काल मात्र दारात थांबली आणि खाटेकडे बघून म्हणाली, "इथे झोपणारी बाई कुशी बदलत नाही. तिला उठायचंच नसतं."

मी कुलूप लावलं. ती जिना चढून वर गेली.