नानांच्या स्वप्नातलं लोणचं

वडिलांच्या स्वप्नावर भरवसा ठेवून मी पाच किलो कैरीचं लोणचं घातलं. मी शाळेत विज्ञान शिकवते.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या हातच्या लोणच्याची शेवटची बरणी संपली. मी सुट्टीला तीर्थपुरीला, माहेरी आले होते. नाना दोन घास चिवडून ताटावरून उठायचे. मला फार वाईट वाटायचं. पण कृती कुणालाच ठाऊक नव्हती. आईचं माप म्हणजे तिची मूठ! अशात एका दुपारी नाना झोपेतून उठून म्हणाले, "नंदे, तुझी आई आल्ती सपनात. लोणचं घालून राह्यली होती."

"मीठ किती घातलं?"

"ते इसरलो ना!"

झालं! माझ्यातली शिक्षिका जागी झाली. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलू लागली की बहुधा माणूस स्वप्न बघत असतो. तेव्हाच उठवलं तर ते आठवतं. दुसऱ्या दुपारी मी वही घेऊन नानांच्या बाजेशी बसले. बुबुळं हलली की नानांना गदागदा हलवायचं! पहिल्या स्वप्नात सोयाबीनची मळणी निघाली. दुसऱ्यात एसटी चुकली (आणि तिसऱ्यात तीच एसटी पुन्हा चुकली!). तिसऱ्या दिवशी मात्र नाना कडाडले, "थांब की जरा! आत्ता मोहरी टाकून राह्यली होती!"

"मीठ, नाना?"

"सतरा मुठी! बराबर सतरा!"

मी सतरा मुठी घातल्या, त्याही नानांच्या पंजानं मोजून. आठव्या दिवशी लोणचं चाखलं आणि नाना तांब्याभर पाणी प्यायले.

"नाना, मेंदू आपल्याजवळच्या आठवणींतूनच स्वप्न रचतो. तुम्ही कधी स्वयंपाकघरात पाऊल तरी टाकलंय?" (हे मला पाच किलो कैऱ्या खारट झाल्यावर सुचलं!)

"मंग मला कामून उठवलं तीन दिवस? ती लोणचं घालायची तवा तिच्यापाशी तू बसायची. तूच झोपायचं ना!"

वही नानांच्या हातात देऊन मी बाजेवर आडवी झाले. नानांनी मला अगदी वेळेवर हलवलं.

"आल्ती का? मीठ किती टाकलं?"

आई आली होती. परातीत मसाला कालवत होती, माझ्याशी बोलतही होती. आणि मी शेजारी बसून कैरीच्या फोडी खाण्यात इतकी गुंग, की परातीकडे बघितलंच नाही!