भिंतीच्या आतली जागा

माझ्या वहिनीची मुलगी सातव्या महिन्यातच, गावच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. बाळाला गोंदियाला हलवा, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ आणि मी गाडी बघायला कोहमाऱ्याला गेलो. तेवढ्यात बाळाचा श्वास अडखळू लागला. वहिनीला रक्तस्रावामुळे उठता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर लेकीच्या बाळंतपणाला आलेली एक गोंड बाई होती. बाप्तिस्म्याविना बाळ जाऊ नये म्हणून वहिनीनं तिला त्याच्या डोक्यावर पाणी ओतायला सांगितलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द एकेक करून तिच्याकडून म्हणवून घेतले. आम्ही गाडी घेऊन परतलो तेव्हा बाळ गेलं होतं.

घरी आणल्यावर आमचे धर्मशिक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चपचपीत तेल. लहानपणी आदामाचं पाप आमच्या अंगात असल्याचं ते असं सांगायचे, जणू त्यांचं स्वतःचं अंग कुठल्या वेगळ्या मातीचं होतं. बाळाकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही.

"हा बाप्तिस्मा नाही. हिचं मूळ पाप धुतलंच नाही. दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरा," ते म्हणाले.

"काऊन?" वहिनीनं विचारलं. "पाणी टाकलं, शब्द म्हटले."

"कोणं टाकलं? जंगलातल्या बाईनं. तिले येसू माहीत हाये का?"

मला त्या माणसाची किळस आली. देवाच्या घराची किल्ली स्वतःच्या खिशात असल्यासारखा तो बोलत होता.

दुपारी फादर मोटारसायकलवर आले. त्यांनी वहिनीला एवढंच विचारलं, "पाणी डोक्यावर पडलं? शब्द त्याच बाईनं म्हटले?"

"हो. तुमच्या देवाचं जे आहे ते करते, म्हणाली."

"मग बाप्तिस्मा झाला. अडीअडचणीत कुणीही देऊ शकतं. आणि झाला नसता, तरी आपण तिला देवाच्या दयेवर सोपवलं असतं. भिंतीबाहेर नाही."

मुलीला दफनभूमीतच पुरलं. धर्मशिक्षक सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. देह मातीला मिळतो, शेवटच्या दिवशी पुन्हा उठतो, असं खणखणीत आवाजात सांगू लागले. परतताना मात्र लोकांना सांगत होते, "ते बाप्तिस्म्याचे शब्द मीच शिकवले होते बाळाच्या मायले."

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे चहाला आले. चूल पेटलेली होती, आधण उकळत होतं. वहिनी दारात आली.

"चहा नाही," ती म्हणाली, आणि ते वळेपर्यंत तिथंच उभी राहिली.