दुसऱ्या जामीनदाराची जागा

कर्ज न घेताच कर्जानं थकलेला माणूस साऱ्या सावली तालुक्यात एकच, आणि तो माझा साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शाळेत शिपाई. मी चौथी नापास, पण त्याच्याबद्दल लिहायला एवढं शिक्षण पुरतं.

त्याचं घर कवेलूचं, मातीच्या कौलांचं. जंगलातली वांदरं दर उन्हाळ्यात त्याच्याच छपरावर पंचायत भरवतात, कवेलू फोडतात, आणि पावसाच्या आधी हा गुडघे धरत वर चढून, फुटके काढून ते फेरतो. चार वर्षांमागं घसरला, मनगट मोडलं. तेव्हापासून माझ्या साळीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, एकच, "यंदा स्लॅब नाई पडला तर मीच चढतो वर." म्हणून घरासाठी कर्ज. पण घ्यायचं कोणाकडून, इथं याची गाडी फसली. चंद्रपूरच्या मोठ्या बँकेत हा वरातीला निघाल्यासारखा जातो. इस्त्रीचा सदरा, भाताचा डबा, कागदांची पिशवी. दिवसभर बाकावर बसून कोणाला किती वेळ उभं ठेवतात ते पाहतो आणि संध्याकाळी मला येऊन सांगतो, "भाऊ, व्याज कमी हाय. पण तीन साल झाले का साहेबाची बदली. उद्या अडचण आली तर कोणाले सांगू?" दुसऱ्या दिवशी गावातली पतसंस्था. तिथला साहेब याच्याच शाळेत शिकलेला, लहानपणी यानंच त्याचं नाक पुसलेलं. तो चहा पाजतो. तर हा म्हणतो, "वळखीचाच तरास हाय, भाऊ. एक हप्ता चुकला का पानठेल्यावर बातमी." पतसंस्थेत बसून बँकेचे गुण गायचे, बँकेत बसून पतसंस्थेचे. चंद्रपूरच्या एसटीचे कंडक्टर रिटायर होऊन गेले, हा तिकीट काढतोच आहे.

एकदा मी वैतागून म्हटलं, "पतसंस्थेचा फारम काऊन लटकवून ठेवला बे?"

"दोन जामीनदार लागतात. एक हेडमास्तर हाय." मग बशीत चहा ओतत बसला. बशी रिकामी करून म्हणाला, "बँकेत नाई लागत म्हणे."

माझी पाच एकर धानाची जमीन, सातबारा माझ्या नावाचा. गरज त्याला आहे, त्यानं तोंडानं मागावं, असं मी धरून बसलो. तो त्यानंतर तीनदा आला. दर वेळी धानाचं, वांदरांचं बोलला आणि चहा पिऊन गेला.

यंदा साळीचा फोन आला, "भाऊजी, हे पुन्हा वर चढले." मग मी आपणहून पतसंस्थेत गेलो. म्हटलं, सही कुठी करू? साहेबानं जुना फारम काढला. दुसऱ्या जामीनदाराच्या जागी पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं होतं, साडूच्या वाकड्या अक्षरात.

"तीन सालापासून असंच हाय, आजोबा," साहेब म्हणाला. "पण आता तुमी सत्तरीच्या वर गेले. चालत नाई."

तिथून सरळ त्याच्या घरी गेलो. तो छपरावर होता. मी खाली उभा राहून एकेक कवेलू वर देत गेलो. कुठून आलो ते सांगितलं नाही.

आंगण अर्धं सावलीत गेलं तेव्हा तो वरून म्हणाला, "भाऊ, मले वाटते बँकच बरी."

"हो," मी म्हटलं. "सोमवारी मीबी येतो. डबा दोघांचा घे."