सारखा वेळ

वारज्यात आमच्या गल्लीत रोज सकाळी महापालिकेचं पाणी सोडायला एक माणूस येतो. खांद्यावर लांब लोखंडी चावी. ती व्हॉल्व्हला लावली, की तो दांड्याला कान टेकवून पाणी ऐकतो. बोलतो कमी, तेही जमिनीकडे बघून.

आमच्या सोसायटीतले बहुतेक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारे. आम्हाला पाऊण तास पाणी, पलीकडच्या पत्र्याच्या घरांना सव्वा तास. एकदा मी तावातावाने विचारलं, "अहो, सगळ्यांना सारखा वेळ का देत नाही?"

"सायेब, तुमच्याकडं टाकी हाय. तिकडं एका नळाला दहा घरं."

मला ते पटलं आणि पटलंही नाही. पाणीपट्टी आम्हीही भरतोच की! शेवटी सारख्या वेळेसाठी अर्ज लिहिला.

दुसऱ्याच दिवशी आमची टाकी फुटली. त्याने ती पाहिली आणि कुणी न सांगता आम्हाला सव्वा तास पाणी दिलं, पलीकडे पाऊण तास. पलीकडच्या बायका रिकामे हंडे घेऊन आल्या. "सगळ्यांना सारखा वेळ द्या की!"

"आज ह्यांच्याकडं टाकी न्हाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बायकांचं म्हणणं माझ्या अर्जात शब्दशः होतं. अर्ज खिशात होता. मी मान खाली घालून बादली भरत राहिलो.