देवीच्या कौलाने घेतलेली सुई

कुल्ल्यावर सुई टोचून घ्यायला ग्रामदेवीची परवानगी लागते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांचाही दोष नाही म्हणा. ते मुंबईत शिकले, आणि मुंबईच्या पुस्तकांत आमच्या गावची वाघजाय येत नाही.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध पेटायच्या थोडी आधीची. मी तेव्हा रत्नागिरी बंदरावर मुकादम होतो. आगबोट लांब उभी राही, माल पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, धक्क्याला येई, आणि हमालांकडून तो उतरवून घेणं हे माझं काम. या कामाला अक्कल थोडी आणि आवाज फार लागतो. देवानं मला दोन्ही त्याच मापात दिलं होतं! पण पंचेचाळिशी ओलांडली आणि काय बिघडलं कोण जाणे. भर दुपारी कांद्याच्या गोणीवर बसल्या बसल्या मला झोप लागायची. एकदा तर हमालांनी मला गोणीसकट उचलायला घेतलं. (वजन बघून खाली ठेवलं, असं ते नंतर सांगत.) दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चाले. दंड सुकले. शिव्या द्यायचासुद्धा कंटाळा येऊ लागला, आणि मुकादमाला शिव्यांचा कंटाळा यावा म्हणजे हद्द झाली! रात्रीच्या बाबतीत एवढंच सांगतो, की सुट्टीला गावी गेलो की मंडळी आणि मी एकमेकांच्या तब्येतीची आपुलकीनं चौकशी करायचो आणि लगेच झोपायचो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण शिमग्याची पालखी होती ना! देवरूखच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आमचं गाव. शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते, तेव्हा पुढच्या दांड्याला पहिला खांदा आमच्या घराचा. ढोल वाजू लागला की पालखी नुसती न्यायची नसते, नाचवायची असते. माझ्या आज्यानं नाचवली, बापानं नाचवली. आणि गेल्या शिमग्यात, ढोल नुकता कुठं रंगात आला होता तोच, माझे गुडघे लटपटले! पालखी कलली. बायका किंचाळल्या. तेवढ्यात माझा चुलतभाऊ धोंडू मांजराच्या पावलानं पुढं आला आणि दांडा खांद्यावर घेऊन असा नाचला, असा नाचला, की लोक मला विसरूनच गेले. मी मात्र विसरलो नाही. गावचा नेम असा, की लागोपाठ दोन शिमगे ज्या घराचा खांदा पडला, त्या घराचा मान भाऊबंदाकडं जातो. एक पडून चुकला होता. दुसरा पडू द्यायचा नाही, मग काय वाटेल ते होवो, असं मी ठरवलं.

रत्नागिरीत एक तरुण डॉक्टर नवेच आले होते. त्यांनी मला तपासलं, आणि कुठं कुठं तपासलं ते इथं लिहीत नाही.

"लहानपणी गालगुंड आलं होतं?"

"आलं होतं. मिसरूड फुटायच्या सुमारास."

"नुसती गालालाच सूज होती?"

मी खिडकीबाहेरच्या माडाकडं बघितलं. "खालीही होती."

"मग बरोबर. पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, मुकादम. दाढी, दंड, उमेद, सगळं त्यावर चालतं. तुमच्यात तो कमी पडतोय."

काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत परदेशातल्या बातम्या यायच्या, की म्हाताऱ्या श्रीमंतांना माकडाचा कसला तुकडा बसवतात आणि ते पुन्हा तरुण होतात. मी हळूच विचारलं, "म्हणजे माकडाचं काही...?"

"छे हो! ते खूळ गेलं. आता शुद्ध औषध निघालंय. तेलातून सुईनं द्यायचं. मुंबईहून मागवतो."

"सुई दंडावर ना?"

डॉक्टरांनी बोटानं जागा दाखवली.

"आणि शिमग्याला मी पालखी नाचवीन?"

"वचन देत नाही. औषध उमेद देईल, दंड तुमचे तुम्ही कमवायचे. विसाव्या वर्षीचे काही होणार नाही तुम्ही. आणि लघवीला त्रास झाला, छातीत धडधडलं, तर लपवायचं नाही, आधी माझ्याकडं यायचं."

लपवायचं नाही म्हणे! ते कसं पाळलं गेलं, ते आता ऐका.

रविवारी गावी गेलो आणि मंडळींना, म्हणजे आमच्या शेवंताला, चुलीपाशी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. भाकरी तव्यावर तशीच टाकून डोळ्यांना पदर लावला.

"वरीस झाला, तुमी माज्याशी धड भांडलाव नाय," ती म्हणाली. "मना वाटला, माज्यावरचा मनच उडाला तुमचा."

"अगो, मन नाय उडाला. रस आटलाय."

"मंग घ्या ना औषध! उद्याच घ्या!" आणि मग डोळे पुसून, "पन देवीला इचारून घ्या."

आमच्या घरात हे असंच. विहीर खणायची, म्हैस घ्यायची, सोयरीक जुळवायची, काहीही असो, आधी देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल मागायचा. ओली कळी मूर्तीला चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी म्हटलं, ठीक आहे, पण कुणाला कळता कामा नये. भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना जायचं. शेवंतानं मान डोलावली. तेवढ्यावर मी बेसावध राहिलो.

दुपारी देवळात फक्त गुरव होता, तोही पेंगत. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "गुरवा, एक खाजगी गाऱ्हाणा हाय."

गुरव खडबडून जागा झाला. "खाजगी? गाऱ्हाणा खाजगी आसतो काय कदी? मी बोलनार, मंग मागनं 'व्हय म्हाराजा' कोन बोलनार? गावानं साक्ष नाय दिली तर देवीनं आयकायचा कुनाचा?"

"अरे, आमी दोघा बोलताव ना!"

"दोघांच्यानी देवी हलत नाय," असं म्हणून त्या माणसानं सरळ ढोलाला हात घातला. मी 'नको नको' म्हणेपर्यंत ढोल घुमला! भात झोडायचे दिवस. अवेळी ढोल ऐकून खळ्यांवरची माणसं हातातली कामं टाकून धावली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं वाघ आला. येऊन बघतात तर मी! सगळ्यांच्या पुढं, घाम पुसत, धोंडू.

गुरवानं कळी लावली, हात जोडले.

"बा आई वाघजाय म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुजा लेकरू इठू मुकादम आज पायाशी आलाय म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या अंगातला..." गुरव माझ्याकडं वळला. "कायतरी कमी झाला ना?"

"रस," मी पुटपुटलो.

"अंगातला रस कमी झालाय म्हाराजाऽऽ! त्यावर औषध घ्यायचा मनात हाय. व्हय काय नाय ता सांग!"

"व्हय म्हाराजा!"

कळी ढिम्म. आम्ही वाट बघितली. कळी हललीच नाही. गुरवाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मुकादम, कायतरी लपिवलाव तुमी. कसला रस, ता देवीला फोडून सांगाया व्हया."

मी म्हटलं, "ज्यानं... अंगात जोर येतो तो."

कळी तशीच! आता गर्दीतून सूचना सुरू झाल्या. "पोटाचा काय रे?" "पित्ताचा आसल!" तेवढ्यात शेवंता, जिनं लग्नापासून कधी चारचौघांत माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं, ती पुढं झाली आणि गुरवाच्या कानात सगळं सांगून मोकळी झाली. गालगुंड, सूज कुठं होती, दाढी, झोप, चौकशी, एकूण एक! गुरवाचे डोळे मोठे झाले. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. मला धरणीनं पोटात घेतलं तर बरं होईल असं वाटलं. धरणीनं काही मनावर घेतलं नाही.

"बा म्हाराजाऽऽ! ह्याचा पुरुषपनाचा रस आटला म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" (या खेपेला आवाज दुप्पट. समोरच्या डोंगरानं 'व्हय' परत पाठवलं.)

"रात्री नुसता इचारपूस करतो म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!!"

टप्पकन कळी पडली. उजवी! बायकांनी तोंडाला पदर लावले. मी म्हटलं, झालं एकदाचं, अब्रू गेली पण कौल तर मिळाला. आणि पायरीकडं वळलो, तेवढ्यात धोंडू बोलला.

"औषध घ्यायचा कुठं, रत्नागिरीत का देवीच्या म्होरं, ता पन इचारून घ्या ना!"

"काय गरज नाय!" मी ओरडलो.

पण कौलात विषय निघाला की तो अर्धवट सोडत नाहीत. गुरवानं दुसरी कळी लावली, 'देवीच्या म्होरं व्हया काय म्हाराजा' म्हटलं, आणि त्या कळीनं क्षणाचाही विलंब लावला नाही. पुन्हा उजवी!

आता पुढं जायचं की मागं फिरायचं? मागं फिरलो असतो, तर लाज गेलीच होती, वर मानही गेला असता. मी तसाच रत्नागिरीला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले. "एवढा शिकून मी आता देवळात सुया टोचत फिरू?" मग गाऱ्हाण्याचा मजकूर शब्दशः सांगायला लावला, टेबलावर डोकं ठेवून खूप वेळ हसले आणि सर्व्हिस मोटारीत बसले.

देवळासमोर दोघांनी घोंगडी आडवी धरली. घोंगडीच्या अलीकडं मी आणि डॉक्टर, पलीकडं अख्खं गाव. तेलाचं औषध दाट असतं, त्यामुळं सुईही जाड लागते, हे मला तेव्हा कळलं. सुई आत शिरली आणि माझ्या तोंडून बंदरावरचा जुना आवाज बाहेर पडला.

"आई गंऽऽ! मेलो!"

"व्हय म्हाराजा!!!" घोंगडीपलीकडून गाव गरजलं.

डॉक्टरांचा हात हसण्यानं हलला, आणि त्याची किंमत माझ्या कुल्ल्यानं मोजली. काम आटोपल्यावर धोंडू त्यांना बाजूला घेऊन गेला. "डाक्टर, मना पन एक मारा की."

"तुला कशाला? रेड्यासारखी तब्येत आहे तुझी. याला कमी आहे म्हणून देतो. ज्याला भरपूर आहे त्यानं घ्यायचं नसतं."

धोंडूचा चेहरा पडला. त्या एका वाक्यासाठी मी आणखी एक सुई हसत घेतली असती.

पुढच्या सुया रत्नागिरीत गुपचूप झाल्या. (गुपचूप कसल्या! गावाहून येणारा जो तो बंदरावर विचारी, "मुकादम, रस चढला काय?") पहिले काही आठवडे काहीच फरक नाही. मी डॉक्टरांशी वाद घातला, ते म्हणाले, "दम धरा." मी दम धरला. रोज पहाटे धक्क्यावर एका वल्ह्याला दोन्हीकडं मिठाच्या गोण्या बांधायच्या आणि ते खांद्यावर घेऊन नाचायचं. हमाल टाळ्या वाजवत. पडलो, उठलो, पुन्हा नाचलो. हळूहळू दुपारची झोप गेली, भूक वाढली, दाढीचा वस्तरा आठवड्यातून दोनदा लागू लागला. आणि एका रविवारी आमटी खारट झाली म्हणून मी शेवंताशी असा कडाडून भांडलो, की शेजारपाजारचे धावत आले. ती रडत होती, पण आनंदानं! तिनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. मी भांडतच होतो, तर माझ्याही हातावर ठेवला. त्या रात्री आम्ही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली नाही.

शिमगा आला. देवीला रुपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लागली, पालखी सजली. गुरवानं हाक दिली, "पयला खांदाऽऽ!" सगळा गाव माझ्या गुडघ्यांकडं बघत होता. धोंडू माझ्या मागं हातभर अंतरावर, बाह्या सरसावून तयार. शेवंता देवळाच्या खांबाला धरून उभी. मी दांड्याला हात लावून कपाळाला लावला आणि खांदा दिला.

आणि नाचलो! ढोल चढला तसा मीही चढलो. कलती पालखी सावरली, फिरवली, पुन्हा उचलली. लोक ओरडत होते, 'वा रे इठू!' नेमाप्रमाणं पुढच्या घरानं खांदा मागितला. मी दिला नाही. दुसऱ्यानं मागितला, त्यालाही नाही. देवळाच्या आवारातून मळ्यात, मळ्यातून बांधावर. शेवटी गुरव आडवा आला, "मुकादम, सोडा आता, देवी दमली!" तेव्हा कुठं मी दांडा सोडला. मान राहिला. आमच्याच घरात राहिला! शेवंतानं चारचौघांत माझ्यावरून नारळ ओवाळला, आणि मी रडलो.

मग रुबाबात घराकडं जावं म्हणून पाऊल टाकायला गेलो, तर कमरेत असा काही कट्टकन आवाज झाला, की मी जागच्या जागी काटकोनात उभा राहिलो. ना वर होता येई, ना खाली! अखेर घोंगडीत घातलं मला. चार कोपऱ्यांना चौघे, त्यांत धोंडू एक. घर येईतो त्यांनी तीनदा खाली आपटलं. धोंडू धापा टाकत म्हणाला, "दादा, तुजा औषध चांगला हाय, पन ता माणसाला लय जड करता रे!"

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, असं मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो: आदल्या शिमग्यात मला पालखी उचलेना, आणि त्या शिमग्यात चौघांना मी उचलेना.