हाताला कळलेली टिकटिक

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनात महिनाभर टिकटिक होत होती. एका गॅरेजवाल्याने व्हॉल्व्ह गेले म्हणून अख्खं इंजिन उघडायला सांगितलं, तेव्हा मी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. विकण्याआधी एकदा कट्टा गावच्या बाजारातल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो.

मी सगळी तक्रार सांगितली, पण त्यांनी नुसता कानामागे हात धरला. शेजारचा दुकानदार म्हणाला, "मोठ्यान सांगा. बोटींची इंजिनां करून तेंचे कान गेले."

ज्यांना ऐकू येत नाही ते आवाज कसा शोधणार, या विचाराने मी खचलो, तरी ओरडून पुन्हा सांगितलं. त्यांनी चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याची मूठ जबड्याला लावली आणि डोळे मिटले.

"कानान आयकलंस तर अख्खा इंजिन वाजता," ते म्हणाले. "असा धरलंस काय एकच जागा वाजता. वाल्व बरे आसत. ह्यो लिफ्टर तेल धरणा नाय."

लिफ्टर म्हणजे तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारा छोटा भाग. इंजिन बंद करून त्यांनी तो काढला, डिझेलने धुतला आणि तेलात बुडवून बुडबुडे संपेपर्यंत दाबत राहिले. मग इंजिनात नवं तेल भरून गाडी चालू केली.

टिकटिक तशीच होती. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "तेल चढाक येळ लागता. घाय करू नको." इंजिनावर पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवून ते निवांत उभे राहिले.

"थांबलो बघ आवाज," थोड्या वेळाने ते म्हणाले.

मी कान दिला. टिकटिक थांबली होती, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.